मैद्यावरची पावलं

रविवारी दुपारी बाबांच्या घराचा जिना चढताना मला फक्त झोप हवी होती. आठवडाभर मी एका शाळेतले एकशे दहा संगणक सांभाळते. ‘चालूच होत नाही हो’ म्हणत येणाऱ्या मास्तरांना ‘बटण दाबलंत का?’ हे न चिडता विचारायचं, याचा मला पगार देतात. सुट्टीचा एक दिवस मिळतो, तर त्या दिवशी सकाळी आठलाच दादाचा निरोप: ‘दोन दिवस चार्ट आलेला नाही. उद्या सही आहे. आजच्या आज बघ.’ माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. ‘बघशील का’ असं विचारायची गरज त्याला जन्मात कधी वाटलेली नाही.

दार बाबांनीच उघडलं. शर्टाची बटणं एक घर खाली लागली होती, डोळे लाल. दाराच्या आतच दोन पिशव्या भरून, तोंडं बांधून ठेवलेल्या. शहात्तर वर्षांच्या माणसाचं घर दोन पिशव्यांत मावतं हे मला बघायचं नव्हतं, म्हणून मी बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिले.

“आज कशी काय, ठमे? तुम्ही मंगळवारी येणार होतात ना न्यायला?”

“डबा बंद पडलाय. तो बघायला आले.”

“अजून लागणार आहे का तो?”

“उद्यापर्यंत.”

“बरं,” ते म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. बाबा हल्ली कशालाही ‘बरं’ म्हणतात. पूर्वी या माणसाशी बाजारातून काय आणायचं यावरही अर्धा तास वाद व्हायचा.

डब्याबद्दल सांगायला हवं. गेल्या वर्षी आई गेली. बाबा म्हणाले, मी इथेच राहणार. इथेच म्हणजे याच दोन खोल्यांत, कारण रस्त्यापलीकडे ती बेकरी आहे. चाळीस वर्षं त्यांनी तिथे भट्टीवर रात्रपाळी केली. आता ती दुसऱ्या कुणाची आहे, पण बाबा रोज अकराला तिथे जाऊन बाकावर बसायचे आणि नव्या मालकाच्या पावात खोड काढायचे. दादा म्हणाला, एकटं ठेवायचं तर काहीतरी सोय हवी. सोय म्हणजे अर्थातच मी. मी गादीखाली एक सेन्सर ठेवला, स्वयंपाकघरात एक, बाहेरच्या दारावर एक. या तिघांचं ऐकून घ्यायला पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा संगणक, तो एका प्लास्टिकच्या डब्यात. घरातल्या हालचाली लिहून ठेवायच्या, एवढंच त्याचं काम.

बाबांनी तेव्हा अट घातली होती. “मी उठलो, बसलो, संडासला गेलो की तुमचे फोन वाजायचे, असलं काही चालणार नाही. चहाडी करायची तर दिवसातून एकदाच. आणि परक्या माणसाला आत डोकावता येता कामा नये.” मला ते पटलं. रोज सकाळी सातला आदल्या दिवसाचा एक चार्ट दादाला आणि मला मेलने यायचा, बाकी काही नाही. आणि इंटरनेटवर बाहेरून आत यायचे सगळे रस्ते मी स्वतः बंद करून टाकले. टपाल बाहेर जाईल, आत काहीही येणार नाही. या बंदोबस्ताचा मला फार अभिमान होता. शाळेत दोघातिघांना मी तो कौतुकाने सांगितलाही होता.

दहा महिने चार्ट अगदी कंटाळवाणे होते. रात्री दहाला झोप, सहाला जाग, अकराला बाहेर, एकला जेवण. मग दीड महिन्यापूर्वी सगळं फिरलं. दुपारी बारापासून रात्री आठपर्यंत गादीवर. रात्रभर स्वयंपाकघरात ये-जा. आणि रोज रात्री एकला बाहेरचं दार उघडायचं, ते दोनला परत. शहात्तर वर्षांचा माणूस रात्री एक ते दोन रस्त्यावर कुठे जातो, हे विचारलं तर बाबा म्हणाले, “मी? रात्री? मी तर झोपलेला असतो. अकराला जातो मी, सकाळी.” दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. सकाळी अकराला दार उघडल्याची चार्टवर एकही खूण नव्हती.

डॉक्टरांनी चार्ट बघितले आणि मान हलवली. म्हणाले, या वयात असं होतं. दिवसरात्र उलटी होते, केलेलं आठवत नाही. त्यात यांनी चाळीस वर्षं रात्री काम केलंय, शरीर जुन्या पाळीवर गेलं. ऐकायला इतकं पटण्यासारखं होतं, की मी घरी येऊन रडले आणि मग दादाला ‘तू म्हणतोस तसं करू’ म्हणाले. दादाने एक वृद्धनिवास शोधला. शहराबाहेर, तासाभराच्या अंतरावर, रात्री फाटक बंद करणारा. तिथे मंगळवारी खोली रिकामी होत होती. उद्या दादाने सही केली की बाबांचं इथलं राहणं संपलं.

तर असा तो डबा. स्वयंपाकघर आणि आतली खोली यांच्यामधल्या बोळात, एका बुटक्या स्टुलावर, कारण भिंतीतला प्लग तिथे जमिनीलगत आहे. मी गुडघ्यांवर बसले. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. हिरवा दिवा बंद होता. अ‍ॅडॉप्टर बदलून बघितला, तोच प्रकार. वायर बदलली, तोच. मेमरी कार्ड काढून माझ्या लॅपटॉपमध्ये घातलं, तर नोंदी जागच्या जागी. म्हणजे घोडं दुसरीकडे पेंड खात होतं. बारीक स्क्रू ड्रायव्हर शोधून मी डब्याचं झाकण काढलं.

आत सगळं पांढरं होतं. बोर्ड गार ठेवायला मी नाण्याएवढा एक पंखा बसवला होता, त्याची पाती पांढऱ्या लगद्यात रुतून बसली होती. हवा बंद, मग बोर्ड तापला, आणि तापून गप्प झाला. आधी वाटलं, भिंतीचा चुना पडला असेल. मग मी ते चिमटीत घेऊन चोळलं. बेकरीवाल्याच्या मुलीला मैदा ओळखायला चष्मा लागत नाही.

जुन्या ब्रशने सगळं झाडलं, पंखा सोडवला, बोटाने फिरवून बघितला. जोडल्यावर हिरवा दिवा लुकलुकायला लागला. लॅपटॉपवर डब्याची खिडकी उघडली. वर तारीख-वेळ होती: शुक्रवार, पहाटे चार वाजून दहा मिनिटं. त्यातही नवल नव्हतं. या असल्या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नसतं. वीज गेली की जिथे थांबला तिथूनच तो पुढे मोजायला लागतो, मधला काळ त्याच्या लेखी झालेलाच नसतो. कुणीतरी खरी वेळ सांगावी लागते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून रविवार, तीन चाळीस असं टाइप केलं. हात आपोआप चालत होते, डोकं झोपलेलं.

“बाबा, बोळात मैदा कसा आला?”

खुर्ची करकरली. मग ते बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, वर्गात पकडलेल्या मुलासारखे.

“डबा माझ्यामुळे बिघडला का?”

“ते सोडा. मैदा कशाला?”

“चाळतो मी. रात्री झोपायच्या आधी.” त्यांनी आतल्या खोलीच्या उंबरठ्यापुढची फरशी दाखवली. “इथून तिथपर्यंत, पातळ. अगदी भट्टीत घालायच्या पाटावर चाळतात ना, तसा. सकाळी झाडून घेतो.”

“पण का?”

“तुम्ही म्हणता ना, मी रात्री फिरतो. म्हटलं, बघू तरी कुठे जातो. पावलं उमटतील.”

“मग?”

“पावलं नसतात.”

“एकदाही?”

“तीन आठवडे झाले. एकदाही नाही.”

“मग बाबा, तुम्ही हे बोलला का नाहीत कुणाला?”

ते थोडं हसले. त्या हसण्याचा मला फार राग आला, कारण ते माझी समजूत घातल्यासारखं होतं. “काय बोलणार? डबा म्हणतो फिरतो. डॉक्टर म्हणतात फिरतो. तुम्ही दोघं शिकलेली. मग मीच परत येताना पावलं पुसत असेन आणि नवीन चाळत असेन. चाळीस वर्षं चाळलंय, झोपेतही जमेल ते मला.” मग हळूच म्हणाले, “म्हणून हल्ली झोपतच नाही फारसा. ती गोळी दिलीय डॉक्टरांनी, ती घेत नाही. पडून राहतो डोळे उघडे ठेवून. म्हटलं, उठायला लागलो की पकडीन.”

म्हणजे हा माणूस तीन आठवडे स्वतःवर पहारा देत होता. आणि दिवसा पेंगत होता. दादा एकदा दुपारी दोनला आला होता, तेव्हा बाबा खुर्चीत मान टाकून झोपलेले दिसले, आणि दादाने मला फोन करून सांगितलं होतं, बघ, चार्टवर आहे तसंच. डॉक्टरांनी आजची तारीख विचारली तेव्हा बाबांना ती सांगता आली नव्हती. तीन आठवडे न झोपता मला तरी सांगता आली असती का?

पण एवढं ऐकूनही माझी ट्यूब पेटली नाही, हे कबूल करायला हवं. मला फक्त वाईट वाटत होतं. मी म्हटलं, “असू दे, डबा झाला चालू. शुक्रवारी पहाटे बंद पडला होता.”

“पहाटे?” बाबा म्हणाले. “मला वाटलं जेवणानंतर.”

“काय जेवणानंतर?”

“तो पंखा. शुक्रवारी जेवून बसलो होतो, रेडिओवर दोनच्या बातम्या चालू होत्या. पंखा आधी मोठ्याने कोकलायला लागला, मग थोड्या वेळाने गपगार. मी उठून बघितलंही, दिवा गेला होता.” माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, त्यांनी लगेच माघार घेतली. “नाही, डबा पहाटे म्हणतो तर पहाटेच असेल. मला आता नाही कळत ते.”

“थांबा. थांबा जरा.” मी लॅपटॉप बाजूला ठेवला. “पंखा बंद पडला तेव्हा ऊन होतं?”

“होतं की. खिडकीतून पायावर येत होतं. म्हणून तर खुर्ची सरकवली.”

शेवटची नोंद पहाटे चार दहाची. बातम्या दुपारी दोनच्या. मध्ये बरोबर दहा तास. मी बोटांवर मोजलं, लहान मुलासारखं, आणि मग पुन्हा मोजलं. रात्री एकला उघडणाऱ्या दारात दहा तास मिळवले तर सकाळचे अकरा होतात. रात्री तीनची स्वयंपाकघरातली खुडबुड म्हणजे दुपारी एकचं जेवण. दुपारी बारा ते रात्री आठ गादीवर, म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा.

मी नोंदी मागे मागे नेत गेले. दीड महिन्यापूर्वीचा एक बुधवार. त्या दिवशी सकाळी आठनंतर डबा पुन्हा सुरू झाल्याची खूण होती.

“बाबा, दीड महिन्यापूर्वी लाइट गेली होती का? बराच वेळ?”

“मीटर बदलायला माणसं आली होती ना. सकाळी आठला बंद केली, संध्याकाळी सहाला दिली. तुला सांगितलं होतं मी फोनवर.”

सांगितलं होतं. मी ‘हं’ म्हटलं होतं. कानाला फोन आणि हात कीबोर्डवर, असं मी त्यांच्याशी रोज बोलते. संध्याकाळी सहाला डबा जागा झाला तेव्हा त्याच्या लेखी सकाळचे आठच वाजले होते. वेळ विचारायला तो बाहेर जाऊ शकला असता, सगळे बोर्ड तेच करतात. पण बाहेरून आत येणारे रस्ते मी बंद केले होते, त्यात खरी वेळ येते तो रस्ताही होता. माझा तो प्रसिद्ध बंदोबस्त.

आणि सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट निराळीच. त्या बुधवारपासून सकाळी सातचा चार्ट मला संध्याकाळी पाचला यायला लागला होता. मला दिसत होतं ते. मेल कुठेतरी रखडतंय, बघू कधीतरी, म्हणून मी सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं, शाळा सुटल्यावर निवांत बघता यायचं. दीड महिना रोज पाचला डबा मला येऊन सांगत होता की माझं घड्याळ चुकलंय, आणि मी चहा पीत बापाच्या डोक्यावर परिणाम झाल्याचा पुरावा वाचत होते.

बाबांना काहीच न सांगता मी उठले. सांगायच्या आधी एकदा खात्री करायची होती. जिना उतरून रस्ता ओलांडला आणि बेकरीच्या मालकाला विचारलं, माझे वडील इथे येतात का.

“म्हणजे काय! रोज अकराला,” तो पाव मोजता मोजता म्हणाला. “बारापर्यंत डोकं खातात. भट्टी कमी तापली, मीठ कमी पडलं. हल्ली बाकावरच डुलक्या काढतात म्हणून आम्ही सुटतो. का हो, बरे आहेत ना?”

‘बरे आहेत,’ मी म्हणाले. दीड महिन्यात आम्हा दोघांपैकी एकालाही हा जिना उतरून हा रस्ता ओलांडायचं सुचलं नव्हतं.

तिथेच फुटपाथवर उभी राहून मी दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो त्याच्या ऑफिसातल्या आवाजात म्हणाला, “ठमे, उद्या सही आहे आणि आज तुला हे सापडतं?”

“डबा बंद पडला म्हणून सापडलं.”

“तुला पहिल्यापासून त्यांना तिथे पाठवायचं नव्हतं.”

“नव्हतंच. पण म्हणून मी घड्याळ खोटं सांगतेय असं म्हणायचंय का तुला?”

“मला काही म्हणायचं नाही. पण मी स्वतः बघितलंय त्यांना भर दुपारी झोपलेलं. त्याचं काय?”

“रात्रभर जागतात म्हणून. आपण सांगितलं ते फिरतात म्हणून पकडायला जागतात स्वतःला. मैदा चाळून ठेवतात दारात, दादा. पावलं बघायला.”

मग दादा म्हणाला, आणि हा आवाज ऑफिसातला नव्हता, “तुला काय वाटतं, मला हौस आहे? दीड महिना मी फोन उशाशी घेऊन झोपतोय. रस्त्यात पडलेले सापडले असा फोन येईल म्हणून.” मग, “उद्या नऊला येतो. आधी तिकडे येतो. बघू.” एवढ्यावर त्याने फोन ठेवला. दादाकडून ‘बघू’ मिळणं हेच खूप होतं, पण बघू म्हणजे नको असं नव्हे. सहीचा कागद त्याच्या बॅगेतच होता.

वर येऊन मी बाबांसमोर स्टूल ओढून बसले आणि सांगितलं. डबा दहा तास मागे होता. तुम्ही रात्री कुठेही गेला नाहीत. चूक माझी. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

“म्हणजे मी झोपलेलो असायचो?”

“हो.”

“आणि अकराला जायचो ते अकरालाच?”

“हो, बाबा. मी आत्ता विचारून आले.”

ते आपल्या हातांकडे बघत राहिले. “पावलं नव्हतीच तर,” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, माझं चुकलं. ते म्हणाले, “हो, चुकलं.” मग मी रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं, ‘असू दे’ म्हटलं नाही. ते त्यांनी बरंच केलं.

संध्याकाळ होत आली तशी त्यांची मान खाली जायला लागली. मी म्हटलं, लवकर झोपा आज. मी इथेच आहे, बाहेरच्या खोलीत. ते उठले, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि वळले.

“झोपलो तर चालेल ना?”

या माणसाने मला लहानपणी रोज ‘झोप आता’ म्हणून दटावलं होतं. मी म्हटलं, चालेल. तरी ते उभेच. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मैद्याचा डबा आणि चाळणी आणली.

“बाबा, आता कशाला? सांगितलं ना मी.”

“तू सांगतेस ते पटतंय. पण तेव्हाही तूच सांगितलं होतंस, आणि तेव्हाही पटलं होतं. चाळू दे.”

मी माझा डबा स्टुलावरून उचलून लांब वायरीने कपाटावर ठेवला. बाबांनी उंबरठ्याच्या आत उभं राहून चाळणी धरली. मनगट हलवायची ती पद्धत अजून तशीच होती, थकलेल्या माणसाची वाटत नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशीवर पांढरा पातळ थर पडला. संडास-बाथरूम आतल्या खोलीला लागूनच आहे, तेव्हा बाहेर यायचं तर यावरूनच यावं लागणार.

“आता तुझा हात उमटव,” ते म्हणाले. “इथे मधोमध. मी झोपेत पुसलं आणि परत चाळलं, तरी तुझा हात काही मला काढता यायचा नाही.”

हे त्यांना तीन आठवड्यांत सुचलं होतं, पण उमटवायला दुसरा हात घरात नव्हता. मी बोळातून वाकून पंजा टेकवला. पाच बोटं नीट उमटली. बाबांनी दार लोटलं आणि दहा मिनिटांत आतून घोरणं ऐकू आलं. साडेसातही वाजले नव्हते. मी सतरंजीवर आडवी झाले, आणि मग मलाही कसलं भान राहिलं नाही.

सकाळी हाकेनेच जाग आली. “ठमे! ये. तिथूनच बघ, पाय टाकू नकोस.”

खिडकीत उजेड आला होता. बाबा आतल्या खोलीच्या उंबरठ्यावर उभे होते, अनवाणी. आमच्या दोघांच्या मध्ये मैदा, काल चाळला तसाच. मधोमध माझा हात.

“तुझाच आहे ना?”

“माझाच.” करंगळी वाकडी आहे माझी, लहानपणी त्यांच्याच भट्टीच्या दारात सापडली होती. मैद्यातही वाकडी दिसत होती.

“कडेला बघ. भिंतीशी.”

“काही नाही, बाबा. कुठेच काही नाही.”

ते खाली बघत राहिले. मला कपाटावरचा डबा आठवला. दादाशी बोलून झाल्यावर मी वेळेचा रस्ता उघडला होता, सातला चार्ट येणार होता. मी म्हटलं, “थोड्या वेळाने डबाही सांगेल.”

“त्याला सांगू दे काय सांगायचं ते,” बाबा म्हणाले. मग त्यांनी उजवा पाय उचलला आणि मैद्यात ठेवला, अगदी सावकाश, टाच आधी. मग डावा. माझ्या हाताच्या बाजूने, माझ्या समोरून, स्वयंपाकघरापर्यंत. मागे आठ पावलं उमटली, सगळी एकाच दिशेची. आतून भांड्याचा आवाज आला आणि मग, “दूध उतू जातंय का बघायला माणूस लागतं, ये इकडे.” हा आवाज मी दीड महिन्यात ऐकला नव्हता.

दूध झाल्यावर मी झाडू घ्यायला गेले.

“राहू दे ते,” बाबा म्हणाले. “दादा येणार आहे ना नऊला. त्याला बघू दे.”

सातला चार्ट आला. मी तो दादाला पाठवला नाही, आणि त्याने विचारलाही नाही. बरोबर नऊला तो दारात उभा राहिला, खांद्याला बॅग, डोळे बाबांसारखेच लाल. बाबा चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले होते, बटणं नीट लावलेली. दादाने बोळाकडे बघितलं. तिथला हात बघितला, पावलं बघितली. मग बॅग खाली ठेवून त्याने दाराशी भरून ठेवलेल्या त्या दोन पिशव्या उचलल्या, बूट काढले, आणि भिंतीला खांदा घासत, त्या हातावर किंवा पावलांवर पाय पडू न देता, त्या आतल्या खोलीत परत नेऊन ठेवल्या.